डेलियाची फुलशेती : कंद निरोगी तर धंदा निरोगी

सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथे फुलांची दुकाने चालविणारे, लग्नाचे स्टेज सजविणारे, मंडईत फळे-भाजीपाल्याचा व्यापार करणारे फुलारी व बागवान बांधव या पानाचे नेहमीचे वाचक आहेत. त्यांपैकी काहींची गावाबाहेर पाच-दहा गुंठे पाण्याखालची जमीनही असते. झेंडू, शेवंती, निशिगंध, ग्लॅडिओलस या फुलांचा व्यवहार त्यांना पाठ आहे. डेलिया मात्र अजून बहुतेक ठिकाणी बंगल्याच्या बागेत आणि कुंडीतच दिसतो. हेच फूल लांब दांड्यासह कापून गुच्छासाठी व सजावटीसाठी विकता येते. हिवाळ्यात, ऐन लग्नसराईत ते फुलते आणि त्याला पॉलीहाऊसचा खर्चही लागत नाही.

मग हा धंदा वाढत का नाही? एक कारण असे, की हे फूल नाजूक आहे आणि लांबचा प्रवास सोसत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. डेलियाचे काही वाईट रोग कंदातून किंवा रोपातून येतात. शेतकरी पैसे मोजून रोग विकत आणतो आणि दोन हंगामांत बाग बसते. म्हणून आजच्या लेखात लागवडीची माहिती देत असतानाच निरोगी कंद ओळखावा कसा, राखावा कसा आणि विकावा कसा, यावर भर दिला आहे.

फुलाची ओळख

डेलिया मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ भागाचा. १७८९ साली त्याचे बियाणे मेक्सिकोहून स्पेनमधील माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात पोहोचले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिल्येस यांनी १७९१ मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्या नावावरून त्याला नाव दिले. १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फूल म्हणून मान दिला. शेवंती, झेंडू, जरबेरा व सूर्यफूल यांच्याच कुळातले हे झाड आहे.

फुलाच्या आकारावरून व पाकळ्यांच्या ठेवणीवरून त्याचे अनेक प्रकार पडतात. प्रदर्शनात बक्षीस मिळविणारी, ताटाएवढी फुले दहा इंचांपेक्षाही मोठी होतात. ती पाहून मोह होतो, पण धंद्यासाठी ती उपयोगाची नाहीत. दांडा वाकतो, पाकळ्या घासल्या की काळ्या पडतात, आणि एका बादलीत चार-पाच फुलांपेक्षा जास्त मावत नाहीत. कापून विकण्यासाठी चेंडूसारखे गोल ‘बॉल’, त्याहून लहान ‘पॉमपॉन’ आणि तीन-चार इंचांचे ‘डेकोरेटिव्ह’ हे प्रकार चांगले. त्यांच्या पाकळ्या घट्ट असतात, दांडा सरळ राहतो आणि फूल तुलनेने जास्त टिकते.

डेलिया हे हार-गजऱ्याचे फूल नाही, हेही आधी समजून घ्यावे. दर्ग्यावरच्या चादरीला किंवा सेहऱ्याला गुलाब आणि मोगराच लागतो. डेलियाचे गिऱ्हाईक म्हणजे स्टेज डेकोरेशन, पुष्पगुच्छ, हॉटेलातील फुलदाणी आणि सत्काराचे कार्यक्रम.

घाटावरची हवा आणि खालची हवा

डेलियाला दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडावा लागतो. महाबळेश्वर-पाचगणीची उंची साधारण सव्वाचार ते साडेचार हजार फूट असल्याने तेथील हवा त्याला मानवते. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उघड्यावर लावलेला कंद त्या पावसात कुजणारच. शिवाय डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात. अशा एका रात्रीत डेलियाची पाने काळी पडतात. म्हणून तेथे पाऊस उघडल्यावरच लागवड करावी, सखल जागा टाळावी आणि कडाक्याच्या थंडीत रात्रीचे आच्छादन हाताशी ठेवावे.

वाई, सातारा, कोरेगाव, कराड या पट्ट्यात आणि सांगली जिल्ह्यात मिरज, तासगाव, पलूस, वाळवा भागात सप्टेंबर ते ऑक्टोबर हा लागवडीचा काळ. कटिंगपासून केलेली रोपे साधारण अडीच ते तीन महिन्यांत फुलावर येतात. म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत माल निघतो. मार्चच्या उन्हात फुले लहान होतात आणि मधला भाग उघडा पडू लागतो.

फार उशिरा लावू नये. दिवस लहान होत गेले, की झाड आपले अन्न फांद्यांपेक्षा कंदाकडे वळविते. नोव्हेंबरअखेर लावलेले झाड बुटकेच राहते आणि दांडे आखूड मिळतात.

जमीन निचऱ्याची हवी. कृष्णाकाठच्या काही गावांत अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तेथे हे पीक घेऊ नये. पुराचे पाणी जेथे चढते त्या मळीच्या जमिनीत कंद ठेवणेही धोक्याचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपल्या स्मरणात आहेतच. हळद किंवा आले करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जेथे हळदीला कंदकूज येते तेथे डेलियालाही येईल.

आधी गिऱ्हाईक, मग लागवड

डेलियाचे फूल कापल्यावर फुलदाणीत साधारण चार ते सहा दिवस टिकते. त्यातला एक दिवस प्रवासात आणि एक मंडईत गेला तर गिऱ्हाइकाच्या हाती काय राहणार? म्हणून मुंबई-पुण्याच्या बाजारावर डोळा ठेवून सुरुवात करू नये. पहिले वर्ष आपल्या गावापासून दोन-तीन तासांच्या आतला बाजार धरावा. सांगली-मिरजेच्या उत्पादकाला कोल्हापूर जवळ आहे. वाई-पाचगणीच्या उत्पादकाला नाताळ ते नववर्षाच्या गर्दीतील हॉटेले आहेत.

एक साधा हिशेब मांडू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातील एक तृतीयांश जागा वाटा व पाटांसाठी सोडली तर ७२६ चौरस फूट उरतात. दोन फूट बाय दीड फूट अंतर ठेवले तर प्रत्येक झाडाला तीन चौरस फूट लागतात. म्हणजे गुंठ्यात सुमारे २४० झाडे बसतात. एका झाडापासून हंगामात विकण्याजोगे दहा दांडे मिळाले असे धरले, तर २,४०० दांडे होतात. दहाची एक जुडी केली तर २४० जुड्या. हंगाम बारा आठवड्यांचा धरला तर आठवड्याला वीस जुड्या.

वीस जुड्या ही दोन-तीन दुकानदारांची किंवा एका डेकोरेटरची गरज झाली. म्हणजे एक गुंठा हे सुरुवातीचे योग्य माप आहे. ज्याने ऑगस्टमध्येच दोन दुकानदारांशी आणि एका डेकोरेटरशी बोलणे पक्के केले आहे, त्याने सप्टेंबरमध्ये लागवड करावी. दहा गुंठे लावून मग गिऱ्हाईक शोधत फिरू नये.

आता याच हिशेबात रोग घाला. २४० झाडांपैकी दर पाचवे झाड विषाणूने खुजे राहिले तर ४८ झाडे गेली. म्हणजे ४८० दांडे, ४८ जुड्या. खत, पाणी, बांबू आणि मजुरी यांचा खर्च मात्र त्या ४८ झाडांवरही तेवढाच झालेला असतो. नफा बहुधा याच ४८ जुड्यांत होता.

मागणीचा अंदाज घेताना आपल्या समाजातील लग्नांचाही विचार करावा. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. सध्या रमजान फेब्रुवारीच्या सुमारास येतो आणि येत्या काही वर्षांत तो जानेवारीत व पुढे डिसेंबरकडे सरकेल. त्या महिन्यात आपल्याकडची लग्ने जवळजवळ थांबतात. ज्या दुकानदाराचे गिऱ्हाईक मुख्यतः आपल्या समाजातले आहे त्याने तो महिना हॉटेले आणि इतर कार्यक्रमांसाठी धरून ठेवावा.

कंद कसा पारखावा

बटाट्याला सगळीकडे डोळे असतात. हळदीच्या कुडीवरही ठिकठिकाणी डोळे असतात. डेलियाचे तसे नाही. त्याचा डोळा फक्त मानेवर, म्हणजे जेथे कंद जुन्या खोडाच्या बुंध्याला चिकटतो तेथेच असतो. मान तुटलेला किंवा बुंध्याचा तुकडा नसलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्याला कोंब फुटत नाही. वजनावर कंद विकत घेणारा येथेच फसतो. बोटाएवढा, पण मानेसह डोळा असलेला कंद हाच खरा माल.

विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. कंद दाबून पाहावा. तो टणक हवा. मऊ, पाणी सुटलेला, वास येणारा कंद जिवाणूच्या कुजीचा असतो. तो इतर कंदांतही ठेवू नये.

२. मानेजवळ खरखरीत, फुलकोबीसारखी गाठ आहे का पाहावे. ही ‘क्राऊन गॉल’ नावाची जिवाणूची गाठ. ती जखमेतून शिरते. हाच रोग गुलाबाला आणि द्राक्षवेलीलाही होतो. गाठीचा कंद फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यातील जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षे राहतो.

३. बुंध्यापाशी बारीक, जाड, पिवळसर कोंबांचा झुपका असेल तर विशेष सावध राहावे. नवख्या माणसाला वाटते, याला डोळे भरपूर आहेत, माल चांगला आहे. प्रत्यक्षात तो ‘लीफी गॉल’ हा जिवाणूचा रोग असू शकतो. निरोगी कंदाला मोजके, सुटे आणि पुढे लांब वाढणारे कोंब येतात.

४. कंद आडवा कापून पाहावा. आतला भाग पांढरट व एकसारखा हवा. तपकिरी कडी किंवा रेषा दिसल्यास मर रोगाचा संशय घ्यावा.

या चार कसोट्यांनी मोजता न येणारा एक मोठा शत्रू उरतो. तो म्हणजे विषाणू. विषाणू असलेला कंद दिसायला अगदी निरोगी असतो. त्याची परीक्षा झाड हिरवे असतानाच होते. म्हणून शक्य असेल तर कंद बाजारातून न घेता आदल्या जानेवारीत उत्पादकाच्या बागेत जाऊन, झाड फुलावर असताना, पसंत करून सांगून ठेवावा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. वाण पाहण्यास व उत्पादकांच्या ओळखी करून घेण्यास ती चांगली संधी आहे.

परदेशातून टपालाने कंद मागविण्याचा मोह काहींना होतो. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार अशा मालाला आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय आणलेला माल बेकायदा तर आहेच, शिवाय नवा रोग आपल्या जिल्ह्यात आणणारा ठरू शकतो.

लागवडीची रीत

जमीन फूटभर खोल खणून गुंठ्याला २०० ते २५० किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत वापरू नये. त्याने कूज वाढते. गादीवाफे सहा ते आठ इंच उंच करावेत. त्या जागेत आधीच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा शेवंती नसावी. मर रोगाच्या काही बुरशी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी या पिकांवरून डेलियावर येतात. ज्वारी किंवा मका झालेली जमीन बरी.

लागवड कंदापासून करता येते, तशीच कटिंगपासूनही. कंद ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मान वर ठेवून अंकुरित करावेत. कोंब तीन-चार इंचांचे झाले की डोळ्याच्या लगत धारदार पात्याने कापून, खालची पाने काढून, बारीक वाळूत लावावेत. दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. एका कंदापासून अशी बरीच रोपे मिळतात. मात्र एक गोष्ट विसरू नये. कंद विषाणूचा असेल तर त्याच्या प्रत्येक कटिंगमध्ये विषाणू उतरतो. एका रोगट कंदाची दहा कटिंगे म्हणजे दहा रोगट झाडे.

बियांपासून रोपे होतात, पण आईचा रंग व आकार मुलांत येत नाही. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असल्याने प्रत्येक रोप वेगळे निघते. कुंडीसाठी ते चालेल. ठरावीक रंगाच्या जुड्या विकणाऱ्याला चालणार नाही.

आधाराची काठी कंद लावण्यापूर्वीच रोवावी, नंतर रोवल्यास ती कंदात घुसते. कंद चार ते सहा इंच खोल लावावा. कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पाणी फार जपून द्यावे. पुढे ठिबकने पाणी देणे उत्तम, कारण पाने कोरडी राहतात. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्यावर शेंडा खुडावा म्हणजे बगलेच्या फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या येतात. त्यांतील मधली ठेवून बाजूच्या दोन खुडाव्यात. त्यामुळे फूल भरते आणि दांडा लांब मिळतो. युरियाचा मारा करू नये. त्याने झाड पोसलेले दिसते, पण दांडा पोकळ व मऊ होतो आणि मावा वाढतो.

रोग आणि त्यांचा बंदोबस्त

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्याला डेलियाचे बरेचसे रोग दुसऱ्या नावाने नव्हे, दुसऱ्या पिकावर आधीच माहीत आहेत.

भुरी : तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराला भुरी सांगावी लागत नाही. डेलियावर वेगळी बुरशी असते, पण लक्षण तेच. दिवसा ऊब, रात्री गारवा, की खालच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग येतात. खालची दाट पाने काढून हवा खेळती ठेवावी. सुरुवातीलाच पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, म्हणून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. तेलकट औषधाच्या पुढेमागे लगेच गंधक घेऊ नये.

करडी बुरशी : धुके व दव असलेल्या ठिकाणी, विशेषतः घाटावर, कळ्या व पाकळ्यांवर ओले तपकिरी डाग पडून वर राखाडी लव येते. वाळलेली फुले झाडावर ठेवू नयेत. ती खुडून बागेबाहेर पुरावीत. लागवड दाट करू नये.

मर व कंदकूज : एखादी फांदी किंवा पूर्ण झाड भर पाण्यात कोमेजते. बुंधा कापल्यास आत तपकिरी रेषा दिसतात. असे झाड मातीच्या गोळ्यासह उपटून न्यावे. शेजारच्या झाडांच्या बुंध्याशी १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतावे. मात्र खरा इलाज लागवडीपूर्वीचा आहे. उंच गादीवाफा, निचरा आणि शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. तिच्यासोबत तांब्याचे औषध देऊ नये, ते तिलाही मारते.

लाल कोळी : फेब्रुवारीनंतर हवा कोरडी झाली की पानांमागे बारीक जाळी व वरून पिवळे ठिपके दिसतात. पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी स्वच्छ पाण्याचा जोरदार फवारा मारावा. वाढ झाल्यास गंधक उपयोगी पडते.

मोझॅक व इतर विषाणू : हा सर्वांत महत्त्वाचा. पानांच्या शिरांलगत फिकट हिरवे किंवा पिवळे पट्टे, पान वेडेवाकडे, पेरे आखूड, झाड झुडपासारखे खुजे आणि फुले लहान, ही लक्षणे. डेलिया मोझॅक विषाणू मावा या किडीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. टोमॅटोवर ठिपके व मर आणणारा विषाणू फुलकिड्यांमार्फत डेलियावरही येतो. तेव्हा पानांवर पिवळी कडी किंवा वलये दिसतात. काही वाणांत विषाणू असूनही लक्षण दिसत नाही आणि तेच झाड शेजाऱ्यांना रोग पुरवीत राहते.

विषाणू झालेल्या झाडाला औषध नाही. दुकानदार काहीही सांगो, कोणत्याही बाटलीने ते झाड बरे होत नाही. झाड ओळखल्याबरोबर कंदासह उपटून जाळावे. त्याचबरोबर मावा व फुलकिडे आटोक्यात ठेवावेत. पिवळे व निळे चिकट सापळे लावावेत, ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, बांधावरचे तण काढावे. फुले आलेले, पण लक्षण दिसणारे झाड ‘हंगाम संपेपर्यंत राहू दे’ म्हणून ठेवणे हीच बाग बसण्याची सुरुवात असते.

पात्याची स्वच्छता : गाठीचा जिवाणू आणि काही विषाणू कापणाऱ्या हत्याराबरोबर प्रवास करतात. दोन चाकू ठेवावेत. एक वापरात असताना दुसरा स्पिरिटमध्ये बुडालेला असावा. प्रत्येक झाडानंतर चाकू बदलावा. पाते बोथट असेल तर दांडा चिरडतो आणि कूज शिरते, म्हणून शिकलगाराकडून महिन्याला धार लावून घ्यावी.

जुन्या पुस्तकांतील औषधे

फुलशेतीची जुनी पुस्तके अनेकांच्या घरी आहेत. लागवडीची माहिती त्यांत चांगली असते, पण औषधांची नावे तपासून घ्यावीत. कंद बुडविण्यासाठी सांगितलेली पारायुक्त औषधे आणि बेनोमिल यांवर २०१८ मध्ये बंदी आली. भुरीसाठीचे डिनोकॅप व कोळीसाठीचे डायकोफॉल यांवर २०२३ मध्ये बंदी आली. कोणी शिल्लक माल स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. लेबलावरील मुदत व सूचना वाचाव्यात. शंका असेल तर पानाचा नमुना घेऊन सातारा जिल्ह्यातील बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांचे कार्यालय गाठावे. फुले विकणारा माणूस दिवसभर ती हाताळतो, गिऱ्हाईक वास घेते, घरात मुलांच्या हाती फूल जाते. फवारणी आणि तोडणी यांत लेबलावर सांगितलेले दिवस गेलेच पाहिजेत.

तोडणी आणि बादली

गुलाब व ग्लॅडिओलस कळीत कापतात. डेलियाची कळी कापल्यावर नीट उमलत नाही. म्हणून फूल तीन चतुर्थांश ते जवळजवळ पूर्ण उमलल्यावर कापावे. फुलाची मागची पाकळी बोटाने पाहावी. ती ताठ असावी, मऊ पडलेली किंवा सुरकुतलेली नसावी. तोडणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी करावी. बादली बागेतच न्यावी आणि दांडा कापताक्षणी पाण्यात बुडवावा. पाण्यात बुडणारी पाने काढावीत.

बादलीची स्वच्छता हा येथील अर्धा धंदा आहे. कालच्या पाण्यातील जिवाणू दांड्याच्या नळ्या बुजवितात आणि फूल पाणी असूनही मान टाकते. रोज बादली साबणाने घासून धुवावी. काही उत्पादक दांड्याची टोके कढत, पण उकळत नसलेल्या पाण्यात उभी करून पाणी निवेपर्यंत तासभर ठेवतात, त्याने फूल ताजे राहण्यास मदत होते. दोन-चार दांड्यांवर प्रयोग करून पाहावा. माल बादलीतच, उभा न्यावा. झेंडूसारखा पोत्यात किंवा खोक्यात दाबून भरल्यास मंडईत पोहोचेपर्यंत त्याची किंमत जाते.

निवड हिरव्यावर, साठवण सावलीत

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. मार्च-एप्रिलमध्ये झाडे वाळतात, मग कंद काढले जातात. त्या वेळी निरोगी झाडाचा आणि रोगट झाडाचा कंद सारखाच दिसतो. म्हणून निवड कंद काढताना करायची नाही, ती जानेवारीत करायची. झाडे फुलावर असताना सगळ्यांत जोमदार, सरळ दांड्याच्या, निष्कलंक पानांच्या झाडांना रंगीत दोरा बांधावा आणि वाणाचे नाव लिहावे. पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारावी. ज्याच्या पानावर शंका आली त्याचा दोरा सोडावा. हंगामअखेर फक्त दोरा असलेल्या झाडांचे कंद ठेवावेत.

काढलेले कंद धुऊन, सावलीत सुकवून, मान न मोडता विभागावेत. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावावी. मग कोरड्या वाळूत किंवा जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये हवेशीर, थंड खोलीत ठेवावेत. सांगलीच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कंद आकसतो आणि पावसाळ्यात कुजतो, म्हणून दर पंधरवड्याला प्रत्येक कंद हाताळून खराब तेवढा वेगळा करावा. ज्यांना वाई-पाचगणीकडे नातेवाईक किंवा भागीदार आहेत त्यांनी मातृकंद तिकडच्या थंड हवेत, पावसापासून सुरक्षित ठेवून सप्टेंबरमध्ये कटिंगे खाली आणण्याचा विचार करावा.

हे काम फार खटाटोपीचे वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील उत्पादक मातृरोपे परदेशातून मागवितात, वाईकडच्या कमी पावसाच्या भागात त्यांची रोपे वाढवितात आणि मग वर लावतात. जुन्या रोपांत रोग साठत जातो आणि उत्पन्न घटते, हे अनुभवाने कळल्यामुळेच ते हा खर्च करतात. डेलियातही विषाणूमुक्त मातृझाडे ऊतिसंवर्धनाने तयार करता येतात. आज एकट्या शेतकऱ्याला ते परवडणार नाही. पाच-सहा जणांनी मिळून थोडी मातृझाडे आणली, ती जाळीत वेगळी वाढविली आणि कटिंगे वाटून घेतली, तर परवडू शकते.

विकणाऱ्याची जबाबदारी

दोन-तीन हंगामांनंतर बहुतेक उत्पादकांकडे स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त कंद जमतात आणि कंदविक्री हा जोडधंदा सुरू होतो. फुलापेक्षा यात नफा जास्त दिसतो, कारण माल नाशवंत नाही. नेमकी येथेच परीक्षा आहे. विषाणूचा कंद विकला तर घेणाऱ्याला चार महिने कळत नाही, आणि कळेपर्यंत विकणारा पैसे मोजून मोकळा झालेला असतो. पण तो रोग माव्याच्या पंखावर बसून दुसऱ्या बागेत आणि तेथून परत आपल्याच बागेत येतो. दहा मैलांच्या आत एकमेकांना माल विकणाऱ्यांना हे टळत नाही.

मालातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा, हा आपल्याकडील व्यापाराचा जुना दंडक आहे. कंदाच्या धंद्यात ऐब विकणाऱ्याशिवाय कोणालाच दिसत नाही, म्हणून तो दंडक येथे दुप्पट लागू आहे. प्रत्येक पिशवीवर वाणाचे नाव, कंद काढल्याचा महिना आणि ‘फुलावर असताना पाहून निवडलेला’ एवढी चिठ्ठी घालावी. घेणाऱ्याला जानेवारीत बाग पाहायला बोलवावे. जो असे बोलवितो त्याच्याकडे पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आपण होऊन येते आणि दोन पैसे जास्तही देते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी यंदा एकच गुंठा धरावा. एकाच विक्रेत्याकडून सगळा माल न घेता दोन ठिकाणांहून घ्यावा आणि तो वेगवेगळ्या वाफ्यांत लावावा, म्हणजे कोणाचा माल स्वच्छ आहे हे जानेवारीत डोळ्यांनी दिसेल. वहीत तीन रकाने करावेत : किती झाडे लावली, किती उपटून जाळली, किती जुड्या विकल्या. पुढच्या वर्षी दोन गुंठे करायचे की धंदाच बदलायचा, हे त्या वहीवरून ठरवावे.